चौथी नळी

तळ्याकाठची खोली,
९ जानेवारी

प्रिय वहिनी,

पत्र बघून दचकली असशील. घाबरू नकोस, सगळं ठीक आहे, मी धडधाकट आहे. इथे फोन लागत नाही. सामानाची गाडी आठवड्यातून दोनदा येते, तिच्या ड्रायव्हरकडे पत्रं देते आणि त्याच्याकडूनच घेते. फोन लागला असता तरी पत्रच लिहिलं असतं म्हणा. फोनवर आपण दोघी 'बरं आहे', 'बरं आहे' म्हणतो आणि ठेवून देतो.

आम्ही पुन्हा त्याच तळ्यावर आलो आहोत. या वेळी बरोबर दुसऱ्या एका संस्थेची चार माणसं आहेत. खोलीत एक पत्र्याचं टेबल, दोन बादल्या आणि भिंतीला लागून नळ्यांची रांग. नळ्यांवर ओली गोणपाटं टाकली आहेत, त्यामुळे सगळीकडे कुबट वास. माझ्या गाऊनलासुद्धा. दादा बघेल तर म्हणेल, चिखलराणी आली.

आई अजून शेजारी 'आमची मुलगी चिखल उपसते' असंच सांगते का? तिला एकदा समजावून सांग. तुला सगळं येतंच. दर पावसाळ्यात ओढे तळ्यात गाळ आणतात, तो तळाशी बसतो आणि वर्षाचा एक थर तयार होतो. पाऊस दणकून झाला की थर जाड, वाळूचा. पाऊस रुसला की तळं आटतं आणि चुन्याची पांढरी रेघ उमटते. आपण तळात एकाखाली एक नळ्या ठोकतो, गाळ तसाच्या तसा वर काढतो आणि थर मोजत मागे मागे जातो. कुठल्या काळात पाऊस कसा होता ते कळतं. एवढं ऐकून ती म्हणेल, 'मग उद्या पडेल का ते सांग.'

आता काम. नऊ वर्षांपूर्वी तू आमच्या प्रयोगशाळेत थर मोजायचीस तेव्हा संस्थेच्या नोंदवहीशिवाय स्वतःची एक निळी वही ठेवायचीस. संस्थेची वही जागा बदलताना भिजून गेली. तुझी असेल तर पाठवशील का? विशेष काही नाही, जुन्या नोंदी एकत्र करते आहे. चौथ्या नळीची पानं मिळाली तरी पुरे.

लेकीला पापा. दादाला सांग, बहीण जिवंत आहे.

तुझी नणंद


१७ जानेवारी

प्रिय वन्सं,

तुझं पत्र आलं तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. पाकिटावरचं अक्षर बघितलं आणि ओल्या हातांनीच ते फोडलं. तू 'विशेष काही नाही' लिहितेस तेव्हा काहीतरी विशेष असतं, एवढं तुला ओळखते.

पुन्हा चौकशी निघाली आहे का? निघाली असेल तर सरळ सांग. मी तेव्हाच सही करून दिली होती, की थरांचे मोठे फोटो माझ्याकडून उलटे धरले गेले असावेत आणि म्हणून चौथ्या नळीपुढे 'वाळू वर, गाळ खाली' असं चुकीचं लिहिलं गेलं. त्याबद्दल माझी मुदत वाढवली नाही, तेही बरोबरच केलं. आता अजून काही लिहून हवं असेल तर मजकूर पाठव, मी सही करते. तुझ्या कामात माझ्यामुळे दुसऱ्यांदा खोडा नको.

खरं सांगू? मला अजून लाज वाटते. तुझ्या शब्दावर मला घेतलं होतं आणि मी चारचौघांत तुझं नाक कापलं. 'हिला चिखलसुद्धा मोजता येत नाही' असं तुझा दादा थट्टेत म्हणतो. मी पण हसते. काय करणार? पण त्यानंतर माझा माझ्या डोळ्यांवरचा विश्वासच गेला. आईंच्या दिवसभराच्या गोळ्या मी डबीत भरते आणि लेकीला तपासायला लावते. थर्मामीटर तुझ्या दादाच्या हातात देते. फॉर्म भरला की दोघांना वाचायला लावते. घरात सगळ्यांना सवय झाली आहे.

वही माळ्यावर होती, लेकीच्या लहानपणच्या कपड्यांखाली. पूर्ण वहीच पाठवते. लेकीला यातलं काही माहीत नाही, तिला सांगू नकोस. आणि काम झालं की चौथ्या नळीची पानं फाडून टाक. मला ती परत बघायची नाहीत.

आईंचा गुडघा तसाच आहे. गोणपाटाच्या वासाला खिडकी उघडणे हा उपाय आहे, शास्त्रज्ञांना सुचत नाही म्हणून सांगते.

तुझी वहिनी


२४ जानेवारी

प्रिय वहिनी,

एका दमात सांगते. तू चुकली नव्हतीस. फोटो उलटे नव्हते, तूही काही उलटं धरलं नव्हतंस. चौथी नळीच उलटी होती.

आम्ही आता त्याच जागी, त्याच खोलीवर नवी नळी ठोकली. काल ती उभी चिरली. तुला आठवतं, माझ्या लेखात दोन मोठे दुष्काळ होते? चांगला पाऊस चालू असताना एकाएकी तुटतो, हळूहळू सावरतो आणि पुन्हा एकाएकी तुटतो. त्याच दोन दुष्काळांवर माझं नाव झालं. लोक मला 'तुटलेल्या पावसाची बाई' म्हणायला लागले. नव्या नळीत तसं काही नाही. पाऊस तीनशे वर्षं हळूहळू कमी होत जातो, इतका हळू की एका माणसाच्या आयुष्यात कुणाला कळलंही नसेल. मग वरच्या नळीत तो परत वाढतो. बस. जुनी चौथी नळी उलटी करून ठेवली की रेघ न् रेघ जुळते.

चूक तळ्यात, नळ्या वर काढतो त्या तराफ्यावर झाली. नळीच्या वरच्या टोकाला लाल टोपण आणि खालच्या टोकाला काळं, हा आमचा नियम. त्या दिवशी वारा होता आणि लाल टोपणांचा डबा तळ्यात सांडला. चौथ्या नळीला मी दोन्हीकडे काळीच टोपणं लावली आणि वरच्या टोकाशी खडूने बाण काढला. काठावर येईपर्यंत ओल्या गोणपाटाने बाण पुसून टाकला होता. मग मी अंदाजाने एका टोकाला लाल टोपण चढवलं. कुणाला विचारलंही नाही. अंदाज चुकला.

हे सगळं मला आत्ता, या महिन्यात कळलं. लेख मागे घेण्याचं पत्र मी लिहिणार आहे आणि त्यात तुझ्या नोंदी बरोबर होत्या असं स्पष्ट लिहीन. वहिनी, तुला नऊ वर्षं जे सोसावं लागलं त्याबद्दल मला फार वाईट वाटतं.

पानं फाडणार नाही. वही जपून परत करीन.

तुझी नणंद


१ फेब्रुवारी

आमच्या लाडक्या चिखलराणीस,

तुझं पत्र मी आधी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग सगळ्यांना जमवून मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटचं पान लेकीने वाचलं.

तुझ्या दादाने पत्र हातात घेऊन पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं मी उगाच म्हणत होतो?" मी म्हटलं, "हो, उगाच." तो उठला आणि भांडी घासायला लागला. लग्नानंतर पहिल्यांदा! त्यात एक कप फोडला. आई म्हणाल्या, "मी कधी खरं मानलंच नव्हतं हो." धादांत खोटं. गल्लीतल्या प्रत्येकीला त्यांनीच सांगितलं होतं. पण आज मला कुणाचाच राग येत नाही. लेक वही बघायची म्हणून हटून बसली आहे. म्हणाली, "आई, म्हणजे तू हुशार होतीस?" 'होतीस' म्हणाली, तेवढं मी सोडून दिलं.

मला तेव्हा कसं कळलं सांगू? गढूळ पाण्याची बादली भरून ठेवली तर वाळू आधी तळाला बसते आणि मऊ गाळ मागून तिच्यावर. रोज बघते मी ते. तळ्यातही दर वर्षी तसंच व्हायला हवं ना? बाकीच्या सगळ्या नळ्यांत तसंच होतं. फक्त चौथीत वाळू वर आणि गाळ खाली. शंभरावर थर तपासले, सगळे तसेच. मला तोंडावर सांगायचा धीर झाला नाही. तू तिथली मोठी आणि मी तुझ्या शब्दावर घेतलेली वहिनी. सगळ्यांसमोर नणंदेला 'तू चुकलीस' कसं म्हणू? म्हणून चिठ्ठी ठेवली, तीही थट्टेच्या सुरात. 'पाऊस काय नळीचा सांधा बघून तुटतो?' असं काहीतरी होतं. कारण दोन्ही वेळा तुझा पाऊस बरोब्बर सांध्यावरच, एक नळी संपून दुसरी सुरू होते तिथेच, तुटत होता.

ती चिठ्ठी तुला मिळाली नसावी. मिळाली असती तर तू बघितलंच असतंस. कुठेतरी सांडली असेल. म्हणजे चूक थोडी माझीही आहे. तोंड उघडायला हवं होतं मी. तुझा लेख आणि तुझं नाव, दोन्ही वाचली असती.

इतक्या वर्षांनी स्वतःहून कबूल करायला मोठं मन लागतं, असं तुझा दादा म्हणतो. मलाही तसंच वाटतं.

तुझी वहिनी


५ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

घाईत लिहिते, गाडी उभी आहे. पत्र वाचून बरं वाटलं. दादाला म्हणावं, भांडी घासत राहा, कप मी आणून देईन.

चिठ्ठीचं मला काही आठवत नाही. टेबल पंख्याखाली होतं, उडून गेली असेल. तू मनाला लावून घेऊ नकोस.

इथे दोन दिवस ढग आहेत, तराफा बाहेर काढता येत नाही. बाकी ठीक.

तुझी नणंद


१२ फेब्रुवारी

प्रिय चिखलराणी,

इथे रोज तुझं कौतुक चाललं आहे. तुझं ते पत्र दादाने खिशात ठेवलंय. भेटेल त्याला काढून वाचून दाखवतो. 'याला म्हणतात शास्त्रज्ञ. चुकली तर चुकले म्हणाली,' असं म्हणतो आणि घडी घालून परत खिशात. घड्यांवर कागद विरायला लागला आहे.

एक गंमत सांगायची आहे, गंमत म्हणजे तशी नाही. चिठ्ठी पंख्याने उडाली असं तू लिहिलंस आणि मी विचारात पडले. मी ती तुझ्या उभ्या भिंगाच्या पायाखाली ठेवली होती, चांगली अर्धी दाबून. ते भिंग मला दोन हातांनी उचलावं लागायचं. मग आठवलं, तेव्हा माझा संशय झाडलोट करणाऱ्या मावशींवर होता. मी त्यांना वाटेल ते बोलले होते. 'तुम्ही टेबलावरचे कागद फेकता' म्हणाले होते. दुसऱ्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या.

त्या आता आमच्या मागच्याच गल्लीत मुलीकडे असतात. परवा जाऊन आले. म्हटलं, मावशी, माझी चूक नव्हती हे आता ठरलंय, तर तुमच्याशी बोलले तेही मिटवून टाकते. त्यांनी हात हातात घेतला. म्हणाल्या, "अगं, मी त्या टेबलाला कधी फडकंसुद्धा लावलं नाही. मॅडमनी पहिल्याच दिवशी ताकीद दिली होती." मग आम्ही दोघी बराच वेळ रडलो आणि मग हसलो.

तर मग ती चिठ्ठी गेली कुठे कोण जाणे. जाऊ दे. तू लिहिलंस तेवढं पुष्कळ आहे.

काम संपलं की इकडेच ये. दादा तुझ्यासाठी खोली रंगवून घेतो आहे.

तुझी वहिनी


२७ फेब्रुवारी

वहिनी,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. हे पाचवं. आता फाडायला धीर नाही आणि पाठवायलाही नाही, पण गाडी आली की देणार आहे.

चिठ्ठी उडाली नाही. मावशींनी फेकली नाही. ती मी वाचली होती.

त्या दिवशी सकाळी तू यायच्या आधी मी आले. भिंगाखाली कागद दिसला. 'वन्सं, पाऊस काय नळीचा सांधा बघून तुटतो? दोन्ही वेळा सांध्यावरच! आणि या नळीत वाळू गाळाच्या वर बसली आहे. एकदा टोकं तपास.' मी हसले. मग फोटो पसरले. मग हसू गेलं. मी स्वतः नळी काढली आणि भिंग लावून अठरा थर बघितले. अठराच्या अठरा उलटे. तराफ्यावरचा सांडलेला डबा आठवला, पुसलेला बाण आठवला. पाच मिनिटांत सगळं कळलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नसतील.

लेख स्वीकारल्याचं कळून आठवडा झाला होता. अकरा वाजता आमचे सर बाहेरच्या पाहुण्यांना घेऊन यायचे होते, मी तुटलेल्या पावसाबद्दल बोलणार होते. मी चिठ्ठी कोटाच्या खिशात घातली. ठरवलं, भाषण झालं की सरांना सांगते. भाषण झालं. टाळ्या वाजल्या. म्हटलं, उद्या सांगते. त्यानंतरचा प्रत्येक दिवस मी असाच ढकलला.

मग महिन्याभराने एका पाहुण्याने नोंदवही मागितली आणि चौथ्या नळीपाशी थांबला. सरांनी विचारलं, "हे कुणी लिहिलंय?" तू मागे बेसिनपाशी काचा धूत होतीस. मी म्हणाले, "वहिनीने. नवीन आहे ती, फोटो उलटे धरते कधी कधी." हे वाक्य माझं. कुणी माझ्याकडून वदवून घेतलं नाही. तू नळ बंद केलास. मला वाटलं, आता वळशील. तू वळली नाहीस. थोड्या वेळाने पुन्हा नळ सुरू केलास.

दुसऱ्या दिवशी तू सही करायला बसलीस तेव्हा पेन उघडून मला विचारलंस, "मी खरंच उलटे धरले का गं?" चिठ्ठी माझ्या खिशात होती, वहिनी. तुझ्या हाताएवढ्या अंतरावर. आणि मी म्हणाले, "होतं असं कधी कधी."

त्या वर्षी प्रयोगशाळेत एक कायमची जागा निघणार होती, ती तुला मिळणार होती. सरांच्या मनात तुझंच नाव होतं, ते मला माहीत होतं.

अजून एक सांगायचं आहे, ते सगळ्यात घाण आहे. जानेवारीत मी वही मागवली ती नोंदी एकत्र करायला नाही. बरोबरच्या संस्थेने तिथेच नवी नळी ठोकायची ठरवली होती, चौथीचं खरं बाहेर येणारच होतं. तेव्हा 'नकळत चूक झाली' म्हणून हात झटकता आले असते. फक्त तुझी वही तेवढी आड येत होती, कारण तीत चिठ्ठी ठेवल्याची तारीखसुद्धा तू लिहून ठेवली असशील असं मला वाटलं. लिहिली आहेसच. मी ती वही जाळणार होते. बादली आणि काड्यापेटी तयार होती.

मग वहीबरोबरचं तुझं पत्र वाचलं. आईच्या गोळ्या तू लेकीला तपासायला लावतेस ते वाचलं. सही करायला नवा मजकूर पाठव म्हणालीस ते वाचलं. वही मी ट्रंकेत ठेवली. पण तेव्हाही माझ्याच्याने पूर्ण खरं लिहवलं नाही. 'या महिन्यात कळलं' असं लिहिलं, आणि तू त्यावर मला मोठ्या मनाची ठरवलंस. माझं ते खोटं दादा खिशात घेऊन फिरतो आहे. तू मावशींची माफी मागून आलीस. मी इथे बसून वाचत होते आणि मला माझ्या हातांचीसुद्धा किळस येत होती.

चिठ्ठी सोबत आहे. ती मी चौथ्या नळीच्या लाल टोपणात घडी करून ठेवली होती. नऊ वर्षांत दोनदा प्रयोगशाळा बदलली, टोपण दोन्ही वेळा मी स्वतः उचलून नेलं. फेकायचा प्रयत्न केला, नाही जमलं. यात माझा चांगुलपणा शोधू नकोस. चांगुलपणा असता तर पोस्टाने तेव्हाच पाठवली असती.

वहीही पाठवते आहे. माफी मागायला तोंड नाही, तरी मागते.

नणंद


१८ मार्च

वहिनी,

तू उत्तर दिलं नाहीस. द्यायलाच हवं असंही नाही. एवढंच कळवते, की लेख मागे घेण्याचं पत्र गेलं. त्याची एक प्रत संस्थेच्या कार्यालयात दिली, म्हणजे तुझ्या कागदांत लागेल. त्यातला भाग उतरवून देते:

'चौथी नळी उलट जोडली गेली होती. थर मोजणाऱ्या मदतनीस बाईंनी ही चूक त्याच वेळी ओळखली होती आणि मला लेखी कळवली होती. त्यांच्या नोंदी पूर्णपणे बरोबर होत्या. चूक माहीत असूनही मी ती लपवली आणि निष्काळजीपणाचा ठपका त्यांच्यावर येऊ दिला. हा ठपका खोटा आहे.'

सर म्हणाले, "एवढं कशाला खोलात जाता? नळी उलटी लागली, इतकं पुरे होतं." मी म्हटलं, पुरे होत नाही. नव्या नळ्यांच्या कामातून मला बाजूला केलं आहे. इथे आता मी फक्त गोणपाटं ओली ठेवते. बरोबरची माणसं चांगली आहेत, जेवताना पानावर बोलावतात. माझीच मान वर होत नाही.

नणंद


३ एप्रिल

वन्सं,

दोन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर केला तो मुद्दाम. तुला वाट बघायला लावायची होती, खोटं कशाला बोलू.

पहिले आठ दिवस मला राग आलाच नाही. लाजच वाटली, तीही माझी. नळाशी उभी असताना मी वळले का नाही, हेच डोक्यात फिरत राहिलं. मला माहीत होतं गं, वाळू वर होती. मी डोळ्यांनी बघितलं होतं. पण तू म्हणालीस आणि मी माझ्या डोळ्यांपेक्षा तुझं खरं मानलं. मग एके दिवशी लेक शाळेचा फॉर्म घेऊन आली. मी भरला आणि सवयीने तिच्या पुढे धरला, 'बघ गं बरोबर आहे का.' तिने बघितलंही नाही, नुसतं 'हो' म्हणाली. तेव्हा जो राग आला तो अजून आहे. पेन टेबलावर इतक्या जोरात आपटलं की निब वाकली. हे पत्र बॉलपेनने लिहिते आहे.

वरच्या ओळीत तीन जागी खोडलेलं दिसतंय ते 'माफ केलं' असं आहे. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. पुढे कधी खोडावंसं वाटलं नाही तर तसं कळवीन. आज नाही.

वही जाळणार होतीस ते वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि बाहेर जाऊन बसले. ते तू सांगितलं नसतंस तर मला कधीच कळलं नसतं. सांगितलंस. त्याचं काय करायचं मला अजून सुचत नाही. कार्यालयाचा कागद मात्र आला. ठसा मारलेला, माझ्या नावाचा. मावशींना नेऊन वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, "मग आता बोलावतात का कामाला?" मी म्हटलं, अर्ज करून बघते.

दादाला मी काही सांगितलेलं नाही. तो अजून तुझं जुनं पत्र काढून पाहुण्यांना वाचून दाखवतो आणि मी उठून आत जाते. त्याला वाटतं मी लाजते. हे मी सांगणार नाही. तू येऊन सांग. त्याच्यासमोर, आईंसमोर, लेकीसमोर, मला लिहिलंस त्याच शब्दांत. मी तिथेच असेन, पण बेसिनपाशी नाही आणि पाठ करून नाही. सांगून झालं की चहा करीन. आधी नाही.

चिठ्ठी निळ्या वहीत डकवली, चौथ्या नळीच्या पानावर. लेकीने वाचली. म्हणाली, "अक्षर छान आहे तुझं." बाकीचं तिला तू आलीस की कळेल.

आणि एक. काल आईंच्या गोळ्या भरल्या. सकाळच्या, दुपारच्या, संध्याकाळच्या, आठवड्याच्या सगळ्या. लेक नेहमीसारखी तपासायला येऊन उभी राहिली. मी झाकण लावलं आणि म्हटलं, "जा तू. मी मोजल्यात."

वहिनी